थोरलीचा कान

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला जरा जास्त हसून बोलला की मी आधी पातेल्यात डोकावते. त्यामुळे भिंतीवर टाइल्सच्या तुकड्यांनी केलेल्या गाढविणीच्या कानाच्या चिपा गेल्या, तेव्हा त्या आपोआप पडल्या असतील हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

आम्ही गंगापूर रोडला राहायला आलो तेव्हा घराभोवती द्राक्षबागा होत्या. एका दुपारी आमचे हे टेम्पोतून गाढवीण घेऊन आले. पुढचा पाय मोडलेला, त्यावर गुलाबी कापड घट्ट गुंडाळलेलं. "रस्त्याच्या कडेला पडली होती. कुणीतरी टाकून दिली," हे म्हणाले. मरेस्तोवर वाळू वाहून घ्यायची आणि पाय मोडला की सोडून जायचं, असल्या माणसाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. कापड धुऊन फरशी पुसायला घेतलं. पाय वाकडाच जुळला, पण ती जगली. पुढं वीटभट्टीवरची एक आंधळी झालेलीही आली. एक थोरली, एक धाकटी. आठ-नऊ पावसाळे दोघी परसात होत्या.

आधी थोरली गेली, मग सहा महिन्यांत धाकटी. पोटचं कुणी गेल्यासारखी रडले मी, खोटं कशाला सांगू.

तोवर बागा जाऊन बिल्डिंगा उठत होत्या आणि जिकडेतिकडे फुटक्या टाइल्सचे ढीग. गवंडी गच्चीवर चिपा बसवतात ना, तशाच पांढऱ्या सिमेंटात बसवून कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, मी दोघींना उभं केलं. अंगाला राखाडी टाइल्स, पोटाला फुटक्या कपबशा, डोळ्यांना काळ्या बांगड्यांचे तुकडे. थोरलीचा वाकडा पाय वाकडाच ठेवला. फक्त एका ठिकाणी लबाडी केली. तिच्या डाव्या कानाला टोकाशी खाच होती, कुणीतरी मुद्दाम कापलेली. असली निर्दय करणी मला भिंतीवर नको होती. मी कान पुरा केला.

तिसऱ्या दिवशी टोकाच्या दोन चिपा गायब. पुन्हा बसवल्या, पुन्हा गायब. बाकी नक्षीला धक्काही नाही. मुद्दाम करतंय कोणीतरी, माझी खात्रीच पटली.

पहिला संशय समोरच्या वहिनींवर. गाढवं ओरडली की त्या धाडकन खिडक्या लावून घ्यायच्या. धाकटी गेली त्या दिवशी त्यांनी उपम्याचा डबा पाठवला, तोही मी हुंगून बघितला होता. मग ह्यांच्यावर संशय आला. थोरलीचा विषय काढला की हे पेपर तोंडासमोर धरायचे. पहिल्यापासूनच. मी म्हणायची, पुरुषमाणूस, रडू लपवतोय.

शेवटी एका दुपारी पडद्याआड बसून पाळत ठेवली. एक म्हातारा आला. खाली धोतर, डोक्याला पटका. इकडेतिकडे न बघता तो खिळ्यानं कानाच्या चिपा उकरायला लागला. मी अनवाणीच बाहेर धावले.

"काय चाललंय हो?"

तो दचकला नाही. "कान चुकलाय बाई," म्हणाला. "हिच्या कानाला खाच हाय. म्याच केलेली. आमच्यात दर घराची खूण येगळी, म्हंजे बाजारात आपलं जनावर वळखू येतं. तोंड आन पाय बघितला तव्हाच मी हिला वळखली. पन असा पुरा कान असला, तर कोनाची म्हनायची ही?"

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या तो हाच. माझं डोकंच फिरलं.

"आता खूण सांगताय? पाय मोडल्यावर टाकून दिलीत ना तिला?"

म्हाताऱ्यानं खिळा खाली घेतला. "हातगाडी आनायला गेलो व्हतो मी. आलो तं जागा रिकामी. लय हिंडलो. म्हनलं, कोनी नेली आन इकली." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "टाकून देनारा डोक्याचा पटका सोडून पायाला बांधतो व्हय?"

तेव्हा कुठं माझी नजर त्याच्या डोक्याकडे गेली. रंग तोच, गुलाबी. थोरलीच्या पायाला बांधलेल्या त्या पटक्यानं मी वर्षभर फरशी पुसली होती. मी आत गेले, पक्कड आणली आणि त्याच्या हातात दिली. उरलेली चिप त्यानंच काढली, खाचेवरून एकदा अंगठा फिरवला आणि निघून गेला.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, "ती सापडली तेव्हा तिथं कुणाची काही खूण नव्हती?"

ह्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"पुढ्यात ताजं कापलेलं गवत टाकलेलं होतं," हे म्हणाले. मग पेपराआडूनच, "ओलं होतं."