मंगळवारचा बांगडा

सत्यवान परब कंडक्टरला बोलणं जिवावर येई. एस.टी.च्या सव्वीस वर्षांत त्याच्या तोंडून 'तिकीट', 'सुटे काढा' आणि 'पुढे सरका' यांपलीकडे फारसं काही बाहेर पडलं नाही, असं कुडाळ डेपोतले लोक म्हणत. त्यात चेष्टा थोडी होती आणि खरं जास्त. लग्न केलं नाही. का केलं नाही, तेही त्याने कोणाला सांगितलं नाही. विचारणारे विचारून दमले, मग म्हातारे झाले.

कुडाळहून निघालेली त्याची गाडी चौके मार्गे साडेअकराला मालवणच्या स्टँडात शिरे आणि दीडला परत सुटे. मधल्या वेळात तो स्टँडामागच्या गल्लीत, नर्मदाबाईंच्या खानावळीत जेवायला जाई. खानावळ म्हणजे चार बाकं, चार टेबलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला एक आखूड पडदा. वाढायला धोंडू होता. नर्मदाबाई पडद्याआड चुलीपाशी असत. नवरा अकाली गेल्यावर या बाईने कोणापुढे पदर न पसरता तिथे चूल मांडली होती. सत्यवानाला त्यांची पावलं तेवढी दिसत आणि आवाज ऐकू येई, ''कंडक्टर इले रे, भात काढ.''

असं हे बावीस वर्षं चाललं. फक्त सोमवार सोडून. सोमवार कुणकेश्वराचा, उपासाचा. त्या दिवशी सत्यवान खानावळीच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. स्टँडावर चार केळी खाऊन गाडीतच आडवा होई. बाकीचे दिवस मात्र बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, वर ठेचलेली तिरफळं आणि कच्च्या खोबरेलाची धार. पहिल्या घासाला त्याचे डोळे मिटत. जेवण झाल्यावर तो रोज ठरवी की आज सांगायचं, जेवण फार छान झालं होतं. पण पडद्याला उद्देशून हे बोलायचं कसं, आणि चारचौघांत बाईमाणसाला बोलायचं तर कोण काय म्हणेल, या विचारात हात पुसून होई आणि तो बाहेर पडे. बावीस वर्षांत हे एवढं वाक्य त्याला जमलं नाही. माणूस भला, पण या बाबतीत अगदीच भित्रा.

दोन हजार एक साली जागेच्या मालकाला तिथे पर्यटकांसाठी लॉज बांधायची घाई झाली. नर्मदाबाईंनी मुदत मागितली, ती मिळाली नाही. दोन दिवसांत जागा खाली करायला सांगितलं आणि खानावळीची शेवटची पंगत नेमकी सोमवारी उठली. नेहमीची गिऱ्हाइकं जेवली, हळहळली, निरोप घेऊन गेली. सत्यवान तेव्हा गाडीत केळी सोलत होता. परतीच्या फेरीत दोघांना तिकीट देताना त्यांच्या बोलण्यातून त्याला ही बातमी कळली. त्या दिवशी त्याने पहिल्यांदाच एकाला चुकीचं तिकीट फाडून दिलं.

मंगळवारी त्याचे पाय गल्लीकडे वळले नाहीत. कुलूप बघून काय करायचं? नंतर निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं तो घरून डबा नेत राहिला. नर्मदाबाई वेंगुर्ल्याला भावाकडे गेल्या एवढं कानावर आलं. कुडाळहून वेंगुर्ल्याला गाड्यांना तोटा नाही आणि त्याच्याकडे तर पासही होता. पण जायचं कोणत्या नात्याने? आणि सांगायचं काय, तर जेवण छान होतं म्हणून? हे त्याला स्वतःलाच हास्यास्पद वाटे. तरीही ते न बोललेलं वाक्य त्याला सलत होतं. घरी पुतण्याच्या बायकोच्या, किशोरीच्या हातचं जेवताना तो दर वेळी न चुकता म्हणे, ''जेवाण बरा झाला हा.'' किशोरीला वाटे, काका किती मायाळू आहेत. काका होतेच मायाळू, पण त्यातलं निम्मं श्रेय वेंगुर्ल्याला जायला हवं होतं.

दोन हजार आठच्या मे महिन्यात पुतण्या निलेश त्याला हायवेवरच्या नव्या पार्कात घेऊन गेला. निलेशची आठ वर्षांची दिव्या पंधरा दिवस त्या पार्काचा धोशा लावून बसली होती. घसरगुंड्यांवरून पाण्यात पडायचं, आकाशपाळण्यात ओरडायचं, आणि या सगळ्यासाठी दारात पैसे मोजायचे, हे सत्यवानाच्या समजुतीबाहेरचं होतं. तो सावलीत बसून सगळ्यांच्या चपला सांभाळत राहिला. दुपारी दिव्याला भूक लागली तेव्हा निलेश सगळ्यांना 'जुनी खानावळ' अशी पाटी लावलेल्या कौलारू हॉटेलात घेऊन गेला.

आत मुद्दाम जुना काळ मांडून ठेवला होता. लाकडी बाकं, पत्र्याचे पेले, भिंतीवर बंद पडलेला रेडिओ आणि कंदील. कंदिलात बल्ब. वाढपी तर खाकी कपड्यांत, गळ्यात कातडी पिशवी, हातात तिकिटाची पेटी आणि पंच. जेवणाची ऑर्डर घेतली की ते एस.टी.चं तिकीट फाडून हातात देत. दिव्या टाळ्या पिटायला लागली. सत्यवानाने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. मालवण ते कुडाळ असं छापलेलं आणि भोक पाडलेलं भलत्याच टप्प्यावर. त्याने वाढप्याकडून पंच मागून घेतला, योग्य जागी भोक पाडलं आणि पंच परत दिला. निलेशने समजावलं की हे सगळं नाटक आहे, इथे टप्पा कोण बघतो. सत्यवान बघत होता, त्याला इलाज नव्हता.

ताट आलं. भात, सोलकढी आणि वाटीत बांगडा. सत्यवानाने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मिटले. मग त्याने ते उघडून वाटीत पाहिलं. तिरफळं शेवटी ठेचून टाकलेली, वर कच्चं खोबरेल. त्याने स्वतःला बजावलं की सगळ्या मालवणात तिखलं असंच करतात. तसं करत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निलेशला सांगून आत चौकशी करता आली असती, वाढप्याला विचारता आलं असतं. पण आत दुसरीच कोणी निघाली तर? आणि तीच निघाली तर? तो मुकाट्याने जेवला. पुन्हा भातही घेतला. वाढपी ताट उचलून आत घेऊन गेला, दिव्याने पार्कातल्या बोटीकडे जायला दाराकडे धाव घेतली आणि सत्यवान उठला. पुन्हा एकदा न सांगता निघालो, हे त्याला उठताउठताच कळलं आणि स्वतःचा संताप आला.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून एक म्हातारी बाई बाहेर आली. हातात उष्टं ताट.

''ह्या ताट कोणाचा?'' तिने विचारलं.

वाढपी घाबरला. त्याला वाटलं, जेवणात काही निघालं. सत्यवानाने आधी तिची पावलं पाहिली, मग चेहरा. चेहरा त्याने आजवर धड पाहिलाच नव्हता.

''माझा,'' तो म्हणाला.

नर्मदाबाईंनी ताट टेबलावर ठेवलं. काटे एका कडेला गोळा केलेले, चोखलेली तिरफळं ताटाच्या काठावर एका रांगेत मांडलेली, आणि ताटात हात धुतलेला नव्हता. बाकी सगळी गिऱ्हाइकं काटे, तिरफळं, पाणी यांचा चिखल करून उठत. बावीस वर्षं आत येणारं हे एकच ताट असं असे. धोंडूने नाव सांगायच्या आधी त्यांना कळे, कंडक्टर जेवून उठले. पार्कवाल्यांना जुन्या हातची चव हवी होती, म्हणून भावाच्या मुलाने त्यांना इथे आणलं होतं. चार महिने त्या रोज शेकडो ताटं आत येताना बघत होत्या.

''कंडक्टरांनू,'' त्या म्हणाल्या, ''त्या मंगळवारी कित्याक नाय इलात?''

सत्यवानाला प्रश्नच कळला नाही. खानावळ सोमवारी बंद झाली असं ऐकलं होतं, असं तो कसंबसं म्हणाला.

''खानावळ बंद झाली होती. पण तुमचा जेवाण रवला होता मा. किल्ली सांजेक द्यायची होती. मंगळवारी मी एकाच माणसाचा रांधलंय.''

सत्यवान पुन्हा बाकावर बसला. निलेश दारात थबकला. काकांच्या डोळ्यांत पाणी त्याने आजवर पाहिलं नव्हतं. त्याने दिव्याला हाताला धरून थांबवलं.

''मगे तो बांगडो?'' सत्यवानाने विचारलं.

''दीडची गाडी गेली तो आवाज ऐकलंय. मगे मी भायर येवन तुमच्या बाकार बसलंय नि खाल्लंय. इतक्या वर्सात पयल्यांदाच भायर बसान जेवलंय.''

गल्लीपासून स्टँड पन्नास पावलांवर होतं. त्या दिवशी त्या बाकापासून पन्नास पावलांवर तो गाडीत बसून डब्यातली भाकरी चावत होता. आता सांगितलं नाही तर आयुष्यात सांगणार नाही, हे त्याला कळत होतं. आजूबाजूला पर्यटक होते, पोरं होती, पुतण्या होता. असू देत.

''वयनी,'' तो म्हणाला, ''बांगडो बरो होतो.''

''आजचो?''

''आजचो,'' सत्यवान म्हणाला. ''आणि मंगळवारचोय.''

नर्मदाबाईंनी पदराने हात पुसले आणि त्या त्याच्या समोरच्या बाकावर बसल्या.