रघुराम सरांचा दहाचा वर्ग

वेलचेरीत आमच्या वरच्या मजल्यावर रघुराम सर राहतात. तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त. घरची मराठी आपल्याबरोबरच संपणार, ही त्यांची धास्ती. म्हणून दर रविवारी दहाला ते नात्यातल्या पोरांना लॅपटॉपवरून ती शिकवत. बारा पोरं होती. उरली एक, कोइमतूरची नात शरण्या. बाकीची मराठीला भिऊन पळाली नाहीत. सर पडद्यावर वाक्याच्या मध्येच थिजायचे, तोंड उघडं ठेवून.

पुराच्या वर्षी सरांचं इंटरनेट बुडालं, तेव्हा शेजारच्या नारायणस्वामींनी कंबरभर पाण्यातून जाऊन वायर आणली आणि आपल्या राउटरला जोडून बाल्कनीतून यांच्याकडे टाकली. पुढे सरांनी स्वतःचा राउटर घेतला. वायर त्यालाच खोचली. नारायणस्वामींचं कनेक्शन केव्हाच बंद झालंय, राउटर मात्र चालू. वाय-फाय जरा डुलकी घेऊन उठलं की लॅपटॉप नव्याने नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, मागतो. दोन्ही राउटर देतात. जो आधी बोलेल त्याचा घेतो. नारायणस्वामींचा मिळाला की पत्ता आहे, इंटरनेट नाही.

"बाबा, ती वायर उपटा," जावई संकेत म्हणाला.

"उपटू कसाला? देवासारखा आला होता तो!"

तरी एकदा उपटली. पाच मिनिटांत नारायणस्वामी धापा टाकत हजर. "सार, माझ्या राउटरवरचा तुमचा दिवा विझला!" स्वतःच्या हाताने वायर खोचली आणि जिना उतरताना भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या वायरवर सारांची शाळा चालते."

संकेतने लॅपटॉपला एक पत्ता हाताने लिहून दिला. नारायणस्वामींच्या राउटरने नेमका तोच त्यांच्या टीव्हीला दिला; एका पत्त्यावर दोघं, पुन्हा तेच थिजणं.

गेल्या रविवारी सर पुन्हा थिजले; शरण्या "थात्ता, थात्ता" अशा आजोबांना हाका मारत राहिली आणि वर्गातून निघून गेली. सोमवारी तिचा तमिळमध्ये निरोप आला: रविवारी नाचाचा क्लास लागलाय, नंतर बघू.

"नंतर म्हणजे कधी?" मी विचारलं.

"तमिळमध्ये नंतर म्हणजे कधीच नाही," सर म्हणाले. "मराठीत तरी वेगळं काय?"

काल पुन्हा रविवार. दहाला नारायणस्वामी दारात डोकावले. "शाळा सुरू ना, सार?"

"सुरू, सुरू!"

सरांनी लॅपटॉप उघडला, चष्मा चढवला आणि रिकाम्या पडद्याला खणखणीत आवाजात विचारलं, "काय गे शरण्या, न्याहारी झाली?" उत्तरापुरते थांबले. मग पुढचं वाक्य शिकवू लागले.