नल्लगुट्ट्याची भुकटी

करीमनगरच्या रस्तेबांधणीच्या प्रयोगशाळेत ओदेलू ड्रमवर असायचा आणि मी चाळणीवर. खडी आणि पोलादी गोळे ड्रममध्ये घालून फिरवायचे, मग खडी चाळायची. भुकटी जितकी जास्त, तितका दगड कच्चा. त्या खडखडाटातही ओदेलू ओरडून ओरडून थट्टा करायचा.

नल्लगुट्ट्याच्या खाणीतल्या खडीची पोती आली आणि तो गप्प झाला. तिथे कडा कोसळून त्याचा थोरला भाऊ मल्लेश गाडला गेला होता. प्रेत मिळालंच नाही, खाण बंद पडली. आता नव्या मालकाने तोच ढिगारा उपसायला काढला होता.

"काही सापडलं का रे?" ओदेलूने लॉरीवाल्याला विचारलं.

"दगडात काय सापडणार? मशीन उचलतं, क्रशरमध्ये टाकतं."

ओदेलूने ड्रम सुरू केला आणि लगेच थांबवला.

"ऐकलंस? आत कुणी घण घालतंय. अण्णा असाच थांबून थांबून घालायचा."

"गोळे आहेत ते."

"गोळ्यांचा आवाज मला शिकवतोस?"

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख वनजा मॅडम आतून ओरडल्या, "झोपलात का रे?" ड्रम पुन्हा फिरला. भुकटी थोडीच पडली. मॅडम खूश झाल्या, "चिवट दगड आहे, हमरस्त्याला चालेल."

भुकटी फेकायला मी उचलली, तर ओदेलूने ती माझ्या हातून घेऊन आपल्या पंच्यात बांधली. त्याची अवस्था बघून मी गावापर्यंत त्याच्यासोबत गेलो.

त्याची आई लच्चव्वा पेद्दल अमावास्येला, पितरांच्या दिवशी, मल्लेशच्या नावाने कधीच पान वाढायची नाही. "आधी प्रेत दाखवा," म्हणायची. तिने पंचा उघडला, भुकटीत हात घातला आणि कितीतरी वेळ तशीच बसली.

"अजून गरम आहे रे," ती म्हणाली.

मी बोट लावून पाहिलं. मला ती गार लागली.

धर्मपुरीला जाऊन त्यांनी ती गोदावरीत सोडली. ओदेलूने डोकं भादरलं. म्हातारी पहिल्यांदाच मोकळी रडली.

पुढच्याच आठवड्यात नल्लगुट्ट्याची आणखी पोती आली. ओदेलू त्यांच्याकडे बघत राहिला.

"सोडून आलो होतो ना त्याला?"

मॅडमना सगळं कळलं होतं. त्यांनी त्याला डांबराच्या तपासणीवर बदलून द्यायची तयारी दाखवली. त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग याला कोण फिरवणार, मॅडम? परका माणूस?"

त्याने खडी ओंजळीओंजळीने आत सोडली, झाकण लावलं आणि त्यावर कान टेकून मला म्हणाला, "चालू कर. हळू."