गंध म्हणजे सुगंधच की!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, नंतर मी हसू देणार नाही! हा किस्सा दुसऱ्या कुणी सांगितलेला मला खपत नाही, म्हणून मीच सांगते.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या बघून वाचायला शिकले, एकटीनं! पुढे झाडाझुडपांचं एक पुस्तक हाती लागलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "बाईमाणसाला पुस्तक कशापायी? उपेग दाव, न्हायतर चुलीत घालते."

दाखवतेच की!

माळावरचं माकडशिंग मी परसात कुंडीत लावलं होतं. पान नाही, काटा नाही, नुसत्या चौधारी रसाळ कांड्या. सगळं करपलं तरी हे आपलं पोटातल्या पाण्यावर मजेत! चैत्रात शेंड्याला कळ्यांचा गोल घोस धरला. पुस्तकात पानाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, 'याच्या गंधाने दूरदूरचे जीव ओढले जातात. ते जीव म्हणजे...'

पान उलटायचं भान कुणाला होतं हो! कळ्यांपाशी बसलं की डोळे आपोआप मिटायचे. मिटल्या डोळ्यांपुढे सोनेरी भुंगे यायचे, फुलपाखरं यायची, गिरणीचा भोंगासुद्धा लांबच्या सनईसारखा वाटायचा. चुलीवर भाकरी करपायची ती वेगळीच.

"आत्याबाई, हळदीकुंकवाला अख्खी गल्ली घमघमेल!"

"आन् न्हाई घमघमली तर?"

"पुस्तक तुमच्या चुलीत!"

हळदीकुंकवाच्या दिवशी कळ्या फुटायला आल्या होत्या. ऐन वेळी दाखवायच्या म्हणून सकाळीच कुंडीवर टोपलं पालथं घातलं आणि ती चौरंगाजवळ ठेवली. दुपारी बायका जमल्या आणि एकेकीचा पदर नाकाला गेला.

"काय तरी मेलंय हितं!"

"उंदीर! पिलेग!"

प्लेगचे दिवस ते, मेला उंदीर सापडला म्हणजे घरदार सोडून माळावर झोपडी! बायका उठल्याच.

"बसा खाली!" मी ओरडले. पोती ओढली, रांजण हलवला. शेवटी शेजारच्या विणकरीण नरसम्मावर घसरले, "तुमच्याच मांजरानं आणून टाकला!"

"अय्यो! मग माशा तुझ्या टोपल्यावर का नाचतात?"

"त्यांनाही कळतं, गंध म्हणजे काय ते!" असं म्हणून मी मोठ्या दिमाखात टोपलं उचललं.

काय ते रूप! पाच पाकळ्यांच्या जांभळ्या-काळ्या मखमली चांदण्या! आणि काय तो वास! घर रिकामं झालं.

आत्याबाई पुस्तक घेऊन चुलीकडे निघाल्या. मी हिसकावलं, पान उलटलं आणि रडत मोठ्यानं वाचलं, 'ते जीव म्हणजे माशा. गंध कुजक्या मांसासारखा असल्याने त्या फसून येतात.'

आत्याबाई थबकल्या. "म्हंजी पुस्तक खरंच बोललं की! ऱ्हाऊ दे त्येला. चुलीत घालायची ती वाचणारी!"

पुस्तक वाचलं. मी मात्र नाही. आजही कुणाच्या घरात उंदीर मेला, की गल्लीतून आधी मलाच हाक येते, "आक्का, फूल उमललं काय?"