चार दिवसांची दाढी

कसबा बावड्यातल्या ज्ञानूच्या दुकानात आरसा एकच, आणि त्याच्यासमोर बसणारी निम्मी पोरं भरतीला निघालेली. सतरा वर्षं पलटणीत न्हावी म्हणून काढलेल्या माणसाचा हात असा, की मानेमागची रेघ बघून लोक ओळखायचे, हे डोकं ज्ञानूकडचं. दाढीच्या बाबतीत तो फार कडक. पोरांना म्हणायचा, "परेडला सायेब पयलं तोंडच बघतोय. एका दिसाची खुंटं दिसली की मैदानाला फेऱ्या. मग आई आठवतीया."

यशराजचा पहिला मिल्ट्री कट त्यानेच केला होता. कान फार मोठे दिसतात म्हणून पोरगा आरशात बघेना.

तो यशराज मंगळवारी पहाटे ड्यूटीवर असताना गेल्याची बातमी आली, आणि तासाभरात चौकात त्याच्या फोटोचा डिजिटल बोर्ड लागला. मंडळाच्या पोरांनी मिरवणुकीसाठी ट्रॉली फुलांनी सजवली. दुपारी कळलं, की त्याने स्वतःच जीव दिला. संध्याकाळी बोर्ड जागेवर नव्हता. कुणी उतरवला, ते कुणी सांगेना.

गुरुवारी सकाळी मृतदेह साध्या ॲम्ब्युलन्समधून आला. तिरंगा नाही, सलामी नाही. सोबत एक नायब सुभेदार आणि एक कागद. सोमवारपर्यंत जवान रोज परेडला हजर होता, वागण्यात काही वेगळं आढळलं नाही, असं त्यात लिहिलेलं. यशराजचा बाप उदयसिंह तो कागद धरून भिंतीला टेकला होता. "तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय पोरानं," एवढंच तो मघापासून म्हणत होता.

यशराजच्या आईला सगळी गल्ली आक्का म्हणायची. तिने ज्ञानूला बोलावून घेतलं.

"तात्या, दाढी लै वाढलीया. असा न्हाय पाठवायची मी त्याला. गुळगुळीत करा."

ज्ञानूने वाटीत फेस केला. डाव्या हाताची बोटं गालावर टेकवली आणि तो थांबला. दुसरा गाल चाचपला. हनुवटीखाली केस वळायला लागले होते. पलटणीत असताना त्याने सात-आठ जणांची शेवटची दाढी केली होती. मेल्यावर कातडी आक्रसते, खुंटं जरा वर दिसतात, पण दाढी वाढत नाही. ही जिवंतपणी वाढलेली होती. चार दिवसांची तरी.

"जल्दी कीजिए, चाचा," दारातून नायब सुभेदार हळूच म्हणाला.

वस्तरा फिरवला असता तर पोरगा देखणा झाला असता, आणि जे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं ते फेसाबरोबर मोरीत गेलं असतं. ज्ञानूची पेन्शन त्याच फौजेची होती. त्याने वस्तरा मिटला.

"आक्का, ही शुक्रवारपास्नंची दाढी हाय. अशा तोंडानं परेडला कुणी उभं ऱ्हाऊ देत न्हाय. कागद खोटा हाय."

आक्काला कळायला वेळ लागला. "म्हंजी चार दीस त्यो असाच बसून हुता?"

"व्हय."

"आन् त्यास्नी दिसत हुतं."

"दिसल्याबिगर कसं ऱ्हाईल?"

"आन् कुणी इचारलं न्हाय, बाबा तुला काय झालंय म्हणून."

उदयसिंह भिंतीपासून उठला, लेकाच्या उशाशी बसला आणि दोन्ही तळहातांनी त्याचे गाल धरले. मृतदेह आल्यापासून त्याने मुलाला हात लावला नव्हता. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. दाढी नीट दिसेपर्यंत फोटो तीनदा काढला.

आक्का म्हणाली, "नगा करू दाढी. जाऊ दे तसाच. बघू दे समद्यांना."

स्मशानात पंचवीस-तीस माणसं होती. चितेजवळ कुणीतरी बोललंच, "मिल्ट्रीतला गडी आन् असलं तोंड?" ज्ञानूने वळून सगळं सांगितलं. पुढच्यालाही सांगितलं. माणसं ऐकून घेत होती आणि बाजूला सरकत होती.

परत निघताना नायब सुभेदाराने डायरी उघडली. "नाम बताइए चाचा. पूछेंगे ऊपर, किसने बोला."

ज्ञानूने नाव सांगितलं, फौजेतला नंबर सांगितला, ट्रेड सांगितला, न्हावी. सुभेदाराने लिहून घेतलं. मग पान न मिटता तो खालच्या आवाजात म्हणाला, "छुट्टी माँगी थी लड़के ने."

ते मात्र त्याने लिहिलं नाही.