पुलाखाली मांडलेली ताटं

"फोन कर पाहुण्यांना, नाहीतर एवढे मासे तूच बसून खा," रादोय्का नवऱ्याला चौथ्यांदा म्हणाली.

मिलिसाव सकाळी दहापासून सूट चढवून दाराशी उभा होता. "स्लावाचं बोलावणं देत नसतात. माझ्या बापानं कधी दिलं नाही."

"तुझ्या बापाच्या डोक्यावर पूल नव्हता."

"मेलेल्या माणसाला मधे ओढू नकोस," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

निकोला संत हा या घराण्याचा राखणदार. डिसेंबरात त्याचा दिवस येतो, तोच स्लावा. ज्याला आठवण असेल तो आपणहून येतो आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत यजमान टेकत नाही. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन रादोय्का सावा नदीकाठच्या या गल्लीत आली तेव्हा पन्नासेक माणसं जेवायची. सासूच्या हाताखाली रडत-रडत ती कार्प मासा शिजवायला शिकली आणि पुढं तिच्या कालवणाचं नाव साऱ्या मोहल्ल्यात झालं. पुढं नदीवर तारांचा पूल आला. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या रस्त्यात गेली. त्यांतलंच एक धाकट्या दिराचं, स्रेतेनचं; तोवर तो इथल्याच चुलीवर जेवायचा. त्याला पलीकडच्या काठावर आठव्या मजल्यावर जागा मिळाली. चूल वेगळी झाली की भावानं स्लावाही वेगळा करायचा, ही रीतच आहे. त्यानं केला. आता पाहुणे वरून, पुलावरून, थेट त्याच्याकडे जातात.

"इकडे उतरायला वाट कुठाय पुलावरून?" मिलिसाव म्हणाला. "वळसा पडतो लोकांना."

"तू दहा वर्षं वळशालाच दोष देतोयस."

चार वाजेपर्यंत फक्त समोरचा बहिरा सुतार येऊन गेला. मग फोन वाजला. मिलिसावनं झडप घातली आणि ऐकून रादोय्काच्या हातात दिला. जाऊ होती, दुशित्सा.

"ताई, सणाच्या शुभेच्छा हं. अगं, इथं माणसांना बसायला जागा नाही. तुमच्या सहा खुर्च्या पाठवता का? मुलगा येईल गाडी घेऊन."

फोन ठेवून रादोय्कानं खुर्च्यांचं सांगितलं.

"देऊन टाक," सासूबाई म्हणाल्या. "रिकाम्याच तर आहेत."

रादोय्कानं एप्रन सोडून ओव्हनच्या दांडीवर टाकला. सहाही खुर्च्या दाराशी नेऊन ठेवल्या, माशांच्या दोन्ही परातींवर झाकणं घातली.

"मासेही जाऊ देत त्याच गाडीतून," ती म्हणाली. "आणि भिंतीवरची निकोलाची तसबीरही. पुढच्या वर्षीपासून या घरात स्लावा होणार नाही."