पडद्यावरची पोर
जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला भोसरीचं ते मैदान आठवतं. गरिबांच्या मदतीसाठी तिथे गाण्यांचा मोठा कार्यक्रम होता आणि आमच्या वस्तीत फुकट पास वाटले होते. शेजारीण पोरीला घेऊन निघाली, तशी मीही गेले. आम्हाला अगदी पुढच्या रांगेत बसवलं. स्पीकरचा आवाज एवढा, की पायाखालची माती हादरत होती. मध्येच गाणं थांबलं, दिवे घालवले, आणि घराएवढ्या पडद्यावर एक रडणारी पोर आली, हातात रिकामं ताट. निवेदक जड आवाजात म्हणाला, "अशी लेकरं रोज उपाशी झोपतात." शेजारणीनं माझा दंड धरला. "मावशी, ही आपली पोरगी हाय." खरंच तीच होती, आणि आमच्या दोघींच्या मध्ये बसून खारे दाणे खात होती. मागे कोणी वस्तीत येऊन फोटो काढून गेले होते, त्यातला तो. शेजारीण उठून ओरडली, "ती उपाशी न्हाई. भात खाल्ल्यावर ताट घासायला लावलं, म्हणून रडत होती." निवेदकानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "या माउलीसाठी टाळ्या." सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, मोबाइलचे दिवे हलवले. मागची एक बाई शेजारणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बसा ताई, गरिबीची लाज कसली?" शेजारीण पोरीला उचलून निघाली, मी मागोमाग. आता ती पोर कॉलेजात जाते. त्या कार्यक्रमाचं कोणी कौतुक केलं, तर मी एवढंच सांगते, पोर जेवलेली होती.